चाळिसावी कोजागरी

बेळगावच्या माणसाला डोंगर लांब नाही. वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची अशी गावं मागं टाकली की शिनोळी येतं. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. शेतातलं भात दोन्हीकडे तेच, बांधही एकमेकांना लागलेले. बदलतात ती पाट्यांवरची अक्षरं. शिनोळीहून देवरवाडीला वळायचं. तिथं वैजनाथाचं जुनं दगडी देऊळ, शेजारी आरोग्यभवानी, आणि डोक्यावर महिपाळगड. १९५६ पर्यंत हा सगळा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचना झाली तेव्हा तेवढा तालुका कोल्हापूरला जोडला गेला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. गाव एका राज्यात राहिलं आणि गावाचा डोंगर दुसऱ्या. आमची कोजागरी मात्र पहिल्यापासून त्याच डोंगरावर.

पहिल्यांदा गेलो ते १९८३ साली. आम्ही पाचजण, एकाच बोळात वाढलेले, नुकतेच कुठं कुठं नोकरीधंद्याला चिकटलेले. आमच्यात नावानं हाक मारायची पद्धत नाही. शाळेत गणित शिकवणारा तो मास्तर, दवाखान्यात पुड्या बांधणारा तो कंपौंडर, कापड कापणारा तो टेलर. मी बँकेत, म्हणून कॅशियर. वास्तविक उभ्या नोकरीत कॅशच्या पिंजऱ्यात मी दोनच वर्षं बसलो. पाचवा अण्णा. पाटबंधारे खात्यात कारकून, घरची भाषा कन्नड. अण्णा हे त्याच्या धाकट्या भावंडांनी ठेवलेलं नाव, ते आम्ही उचललं. त्याचं मराठी आमच्याइतकंच वेगानं धावतं, फक्त वाटेत लिंगाची पर्वा करत नाही. ‘ती दूध’, ‘तो गाडी’, ‘ते चटणी’. आम्ही हसायचो. मग तो आम्हाला शनिवारच्या बाजारात कन्नडमधून भाव करायला उभं करायचा आणि हसायची पाळी त्याची यायची.

कामं ठरलेली होती. टेलरनं जुन्या ताडपत्रीचा तंबू शिवला होता. शिवण इतकी पक्की, की चाळीस वर्षांत ताडपत्रीला ठिगळं लागली पण शिवण उसवली नाही. तिथी-वेळ बघायची मास्तरनं. स्टोव्ह आणि पातेलं कंपौंडरचं. साखर, बदाम, वेलदोडे माझ्याकडे, कारण पगार बँकेचा. आणि दूध अण्णाचं. ओळखीच्या गवळ्याकडे आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं दोन लिटर म्हशीचं दूध, तापवून, किटलीत भरून, सायकलच्या हँडलला अडकवून तो शिनोळीपर्यंत आणायचा. बाचीचा चढ तो सायकलवरून उतरून चालत चढायचा. आम्हाला वाटायचं दमला. तो म्हणायचा, ‘मी दमलो नाही रे, दूध दमली.’

आता मोटारी झाल्या. गडावर थेट डांबरी रस्ता जातो, एस.टी.सुद्धा जाते. तरी आम्ही वैजनाथापाशी गाडी ठेवून चालतच वर चढतो. गड साधारण तीन हजार फुटांच्या वर आहे, पण बेळगावच मुळात अडीच हजार फुटांवर असल्यामुळं प्रत्यक्ष चढाई थोडी. पंचविशीत ती आम्ही गाणी म्हणत करत होतो. २०२३ साली चौघांत मिळून तीन काठ्या होत्या.

होय, चौघं. २०२० ची कोजागरी कोरोनानं बुडाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच आजारानं टेलर गेला. पाचातला सगळ्यांत हडकुळा आणि सगळ्यांत कधी आजारी न पडणारा. बुडालेलं वर्ष वजा करून मास्तरनं हिशोब मांडला होता, की यंदाची आपली बरोबर चाळिसावी. शिवाय दिवाळीनंतर अण्णा बेंगळूरला मुलाकडे जायचा होता, कायमचा. घराचा व्यवहारही होऊन गेला होता. त्यामुळं चाळिसावी आणि निरोप असे दोन्ही समारंभ एकदम उरकायचे, असं ठरलं.

दिवस शनिवारचा, २८ ऑक्टोबर. पाऊस जाऊन ऊन पडलेलं, भात पिवळं होऊन वाकलेलं. वाटेच्या कडेला सोनकीची पिवळी फुलं अजून टिकून होती. खालच्या शेतात रताळी काढायचं काम चाललं होतं. आमच्या पश्चिमेकडच्या या तांबड्या मातीतली रताळी नवरात्रापासून बेळगावच्या बाजारात ढिगानं येतात. बांधावर एक आज्जी पोत्याचं तोंड शिवत बसली होती. तिनं विचारलं, ‘‘कुठचं रे पाव्हणं?’’

‘‘बेळगावचं, आज्जी.’’

‘‘मग घरचंच की. हातात काठ्या घिऊन कुठं निघाल्यासा पोरांनो?’’

सदुसष्टाव्या वर्षी पोरांनो ऐकायला मिळालं, एवढ्यावर कंपौंडर खूश. आज्जीनं पाच-सहा रताळी पिशवीत घातली, पैसे घेतले नाहीत. तिची लेक आमच्या बेळगावच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, हे कारण.

अण्णा मात्र मागं पडत होता. गुडघ्याला पट्टा बांधलेला. दर वळणावर तो बसायचा आणि आम्ही पुढं सरकलो की ओरडायचा, ‘‘मेल्लक रे, मेल्लक! गड कुठं पळून जात नाही.’’ किटली या खेपेला माझ्या हातात होती. अख्ख्या वाटेनं तो गुडघ्यापेक्षा तिच्याकडे जास्त बघत होता.

वर पोचलो तो वाद तयार. त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं. कोजागरीलाच ग्रहण! मास्तरनं दिनदर्शिकेतलं पान फाडून आणलं होतं. वेध दुपारी तीनपासून, स्पर्श रात्री एक वाजून पाच मिनिटांनी, मोक्ष दोन चोवीसला. म्हणजे दूध कधी प्यायचं? वेध लागले की खाणंपिणं बंद. मास्तर गणिताचा असला तरी या बाबतीत त्याच्या आईचा मुलगा आहे. कंपौंडरनं तोडगा काढला. ‘‘आजारी माणसांना वेधांत सूट असते ना? तुला साखर, मला बी.पी., याला गुडघा, कॅशियरला दोन स्टेंट. आपल्याइतकं आजारी या गडावर दुसरं कोण आहे?’’ महिपाळगडावर वस्ती आहे. त्यातल्या एका घरच्या वृंदावनातून तुळशीची पानं मागून आणली, दुधात टाकली, आणि मास्तरचं समाधान झालं. निदान त्यानं तसं दाखवलं.

संध्याकाळी तंबू ठोकला. खुंट्या मारायचं काम टेलरचं होतं. त्या दिवशी चौघांनी मारल्या आणि चारही वाकड्या बसल्या. जेवायला माझ्या घरची भाकरी, झुणका, ठेचा. अण्णाच्या घरच्या शेंगापोळ्या आणि कारळ्याची चटणी. वहिनी तिला गुरेळ्ळ म्हणतात आणि आमच्या घरातही आता तेच नाव रुळलं आहे. रताळी निखाऱ्यात पुरली. गावातून आणलेला कुंदा होताच. सूट घेतलेल्या आजाऱ्यांनी काहीही शिल्लक ठेवलं नाही.

मग समारंभ. शाल, श्रीफळ, रीतसर. मास्तर खिशातून कागद काढून उभा राहिला. इथं सांगायला पाहिजे, की मास्तरनं जन्मभर कन्नड शिकायचं नाकारलं. लढ्याचा माणूस. सक्ती करता ना, मग शिकतच नाही, असा त्याचा बाणा. त्यापायी त्यानं कचेऱ्यांतून हेलपाटेही पुष्कळ घातले. तो मास्तर चष्मा लावून कन्नडमधून भाषण करायला लागला. देवनागरीत लिहून आणलं होतं, नातीकडून. आठ-दहाच वाक्यं. ‘नम्म अण्णा’पासून सुरुवात. आम्ही थक्क. अण्णानं मान खाली घालून ऐकलं आणि संपल्यावर म्हणाला, ‘‘मास्तर, क्रियापद तीन चुकली.’’ मास्तर म्हणाला, ‘‘चाळीस वर्षं तू माझ्या भाषेची किती चुकवलीस ते मोजू काय?’’

चंद्र एव्हाना वर आला होता. खाली पूर्वेला बेळगावचे दिवे. चार दिवसांवर एक नोव्हेंबर होता. गावात त्या दिवशी एकांचा राज्योत्सव आणि दुसऱ्यांचा काळा दिवस असतो. वरून ते सगळे दिवे एकाच गावाचे दिसत होते. गावात उतरलं की तसं दिसत नाही, हेही खरं.

मास्तर आणि कंपौंडर ‘ग्रहणाला उठवा’ असं बजावून तंबूत आडवे झाले. मी आणि अण्णा बाहेर ताडपत्रीच्या तुकड्यावर बसून राहिलो. मला एक गोष्ट सांगून टाकायची होती. सदतीस वर्षं ती माझ्याकडे पडून होती, आणि आता माणूसच निघाला होता.

१९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं, संचारबंदी लागली, गोळीबारात माणसं गेली. इकडच्या वाचकांना ते वेगळं सांगायला नको. माझा मावसभाऊ मार लागून महिनाभर अंथरुणाला होता. आमच्या बोळात कुणी कुणाचं वाकडं केलं नाही, पण दारं लवकर लागायला लागली. अण्णा समोरून आला की मी पेपरात तोंड घालायचा. कोजागरी आली तेव्हा मी तिघांना म्हणालो, ‘‘यंदा अण्णाला नको सांगायला.’’ मास्तर गप्प बसला, कंपौंडर ‘बघा बुवा’ म्हणाला, टेलर काहीच बोलला नाही. अण्णा नाही म्हणजे दूध नाही, म्हणून मी बाजारातून दुधाच्या पावडरीचा डबा आणला. वीस रुपयांच्या आसपास पडला असेल. तो कशाला लागतोय, हे घरीही सांगितलं नाही.

चौघं सायकली मारत शिनोळीला पोचलो. चहाच्या टपरीपाशी अण्णा उभा होता. हँडलला किटली. म्हणाला, ‘‘किती उशीर रे?’’ बस्स. वर गेल्यावर माझ्या पिशवीतून तो डबा निघाला. अण्णानं तो हातात घेतला, लेबल वाचलं, खाली ठेवला आणि स्टोव्ह पेटवला. डबा पुढं बरीच वर्षं आम्ही साखरेला वापरला, बूड गंजून साखर गळायला लागेपर्यंत. दर कोजागरीला तो बाहेर निघायचा आणि मी दुसरीकडे बघायचा. त्यावर कुणी कधी काही बोललं नाही. मी तर नाहीच.

एक वाजून गेला. चंद्राच्या कडेला काळं लागलं, नखाएवढं. मी सांगितलं. नको म्हणणारा मीच होतो, हे सांगितलं. पावडरीचं सांगितलं. अण्णा गुडघा चोळत होता.

‘‘माहीत आहे की.’’

‘‘काय माहीत आहे?’’

‘‘तूच नको म्हणालास ते. टेलर त्याच रात्री आला होता घरी. म्हणाला, कॅशियर असं म्हणतोय, तू मनाला लावून घेऊ नको, पण ये.’’

टेलर. सदतीस वर्षांत त्यानं मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. माझ्या तीन पँटी आणि मुलाच्या लग्नातला सूट त्यानं शिवला, मापं घेताना जगभरच्या गप्पा मारल्या, आणि हे नाही. आता विचारायला जाऊ तरी कुठं?

‘‘मग तू आलास कसा?’’ मी विचारलं. ‘‘राग नाही आला?’’

‘‘आला की. लई आला.’’ थोडा वेळ तो चंद्राकडे बघत राहिला. ‘‘आई म्हणाली, जाऊ नको. बायकोपण म्हणाली. पण गवळ्याकडे दूध सांगून ठेवलेली होती, दोन लिटर. एवढी दूध घरात काय करू?’’

मला हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही. त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं, ते बरं झालं.

‘‘बेंगळूरात पाकिटातलं मिळतंय म्हणे,’’ तो म्हणाला. ‘‘पोरगा सकाळी मोबाईलवर मागवतो, दारात ठेवून जातात. कोण ठेवतो ते दिसतसुद्धा नाही.’’

तंबूतून कंपौंडरचं घोरणं येत होतं. ‘ग्रहणाला उठवा’ म्हणालेला मास्तर कुशीवर वळला, उठला नाही. अण्णानं पातेलं पुढं ओढलं. तळाशी थोडं दूध राहिलं होतं, तुळशीच्या पानासकट. त्यानं ते दोन पेल्यांत सारखं ओतलं, एक माझ्याकडे सरकवला. मोक्षाला अजून पाऊण तास होता.