अम्मी, तुम बैठो

मोहल्ल्यात हापशावर रांग लागायची तेव्हा अम्मी दोन घागरी घेऊन आम्हा पोरांना मागे टाकायची. पुढं आम्ही भावंडं शिकलो, नोकरीला लागलो, घरात सुना आल्या. तिच्या हातातलं एकेक काम निघत गेलं. कुठं उठली की कुणीतरी म्हणायचं, “अम्मी, तुम बैठो.” गंगाखेडात लोक आमचं कौतुकही करत.

मग गुडघे दुखतात म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. नमाजही खुर्चीवर. ज्याला झेपत नाही त्याला मजहबनं सवलत दिलीच आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही. पण दिवसाला नुसत्या फर्जच्याच 17 रकाती. सजद्यातून उभं राहायचं म्हणजे मांड्यांची चांगलीच कसरत. तीही सुटली.

या ईदला चार घरं पलीकडं खालाकडे निघाली, तर सोबतचा नातू दोनदा पुढं जाऊन परत आला. अम्मी भिंतीला हात लावत येत होती.

आम्ही शाळेतला टेप आणून अंगणात खडूनं चार मीटरवर दोन रेघा मारल्या. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 च्या देशव्यापी पाहणीत वृद्धांची चाल एवढ्याच अंतरावर मोजली होती. अम्मीला सात सेकंद लागले. सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी चाल ही आशियाई तज्ज्ञांनी 2019 साली धोक्याची खूण ठरवली आहे. हाताच्या आधाराशिवाय खुर्चीवरून पाचदा उठणंही 12 सेकंदांच्या आत व्हायला हवं. अम्मी तिसऱ्यांदा बसली ती बसलीच. बी.एड.ला आम्ही मूल्यमापन शिकलो होतो. इथं नापास कोण झालं ते कळलं.

मांडीचे स्नायू वापरले नाहीत की झडतात. आधी उठणं जड जातं, मग चाल मंदावते, मग पडायची भीती बसते. पण गेलेली ताकद परत येऊ शकते. बॉस्टनमध्ये नव्वदीच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे वजन लावून मांड्यांचा व्यायाम करून घेतला, त्याचा अहवाल 1990 साली छापून आला. नऊ जणांनी व्यायाम पुरा केला. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, पावलापुढं पाऊल टेकवत चालण्याचा वेगही वाढला.

हे सांगितलं तर अम्मी हसली, “मंजे अब पानी मैंच लाऊं?”

डॉक्टरांना विचारून असरनंतर उठबस सुरू केली, पहिल्या दिवशी चारच, टेबलाला हात टेकून. पाण्याचा तांब्या मुद्दाम आत ठेवतो. धाकट्या सुनेला हे अजून पटत नाही. बायका नावं ठेवतील म्हणते. परवा अम्मी स्वतःच उठली, तांब्या घेऊन आली, अर्धं पाणी वाटेत सांडलं. आम्ही कुणीच जागचे हललो नाही.