रुमालाखालची भाषा

२०२५ च्या दिवाळीत वीर निर्वाण संवत २५५२ सुरू होण्यास आठच दिवस उरले होते. त्या सुमारास, १४ ऑक्टोबर रोजी, विंडोज १० या संगणकप्रणालीची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने थांबवली. नोंदणी करणाऱ्यांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली. पण पुढचा मार्ग विंडोज ११ चा होता आणि त्या मार्गाच्या वेशीवर अटी उभ्या होत्या. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी, प्रोसेसर ठरावीक पिढीनंतरचा हवा. साधारणपणे २०१८ पूर्वी घेतलेले बहुतेक संगणक या अटींत बसत नाहीत. ते बंद पडलेले नसतात, कामही करीत असतात. त्यांना केवळ पुढे प्रवेश नसतो.

पाथर्डीसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेत असे संगणक गल्ल्याशेजारी सर्वत्र आढळतात. कापडाचे दुकान असो, किराणा असो वा बी-बियाण्यांची पेढी, पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेले यंत्र अजून इमानाने बिले काढीत असते. घरात असे तीन संगणक असतील, तर एका अटीपायी तिन्ही नवे घेणे कोणत्याही व्यापाऱ्याच्या हिशेबात बसत नाही. मग पुण्यात शिकलेला मुलगा सुचवतो, “बाबूजी, यंत्र चांगले आहे. आतली प्रणाली तेवढी बदलू. लिनक्सला पैसे लागत नाहीत.” बाबूजी क्षणभर विचार करतात आणि एकच प्रश्न विचारतात, “बिल निघेल ना?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. लिनक्स तासाभरात बसते. संगणक पूर्वीपेक्षा चपळ होतो, पडदा झळकतो, मराठी अक्षरे स्वच्छ दिसतात. मुलगा समाधानाने छपाईची आज्ञा देतो आणि प्रिंटर गप्प राहतो. समोर गिऱ्हाईक उभे असते. दिवाळीचा बाजार, त्यातच ऊसतोडणीला निघणाऱ्या कुटुंबांची खरेदी. पाथर्डी तालुक्यात हे वर्षातले मोठे दिवस. दुरुस्तीला माणूस बोलवावा तर तो विंडोजच जाणणारा, आणि दुसरा शोधायचा तर अहिल्यानगर सुमारे ५० किलोमीटर दूर. संध्याकाळपर्यंत संगणकावर पुन्हा जुनी प्रणाली येते आणि घरात एक निकाल कायमचा लागतो : फुकटचे ते फुकटचेच.

हा निकाल घाईचा असतो, कारण गप्प राहण्याचे कारण कोणी पाहिलेलेच नसते.

संगणक आणि त्याला जोडलेले प्रत्येक उपकरण यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. ‘हे पान छाप’ ही संगणकाची आज्ञा त्या विशिष्ट प्रिंटरला समजेल अशा संकेतांत तो उतरवतो. ते संकेत ठरवतो उपकरणाचा निर्माता. त्याने ते जाहीर केले, तर कोणीही दुभाषा तयार करू शकतो. त्याने ते गुप्त ठेवून केवळ विंडोजपुरता दुभाषा दिला, तर इतर प्रणालींपुढे ते उपकरण मुके राहते.

व्यापारी घरांना ही गुप्तता नवी नाही. कापडाच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत आकड्यांत न लिहिता ठरलेल्या अक्षरांत लिहिण्याची चाल पेढ्यांवर होती. मालकाने उलगडा केल्याशिवाय नव्या मुनिमाला ती चिठ्ठी वाचता येत नसे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत. बाहेर उभ्या असलेल्याला रुमाल दिसे, भाव दिसत नसे. लिनक्सकडे वळलेला नवखा माणूस नेमका तिथे, रुमालाबाहेर उभा असतो.

अडचणी मोजक्याच ठिकाणी येतात. पहिली छपाईची. आपल्याकडे कार्यालयोकार्यालयी दिसणारा एचपीचा लेझरजेट १०२० पाहा. स्वतःला चालवणारा मूळ कार्यक्रम तो पोटात साठवून ठेवत नाही. प्रिंटर चालू केला की दर वेळी संगणकाने तो पाठवावा लागतो. लिनक्समध्ये त्यासाठी एक जादा भाग एकदाच बसवावा लागतो. हे ठाऊक नसलेल्याला प्रिंटर बिघडला असेच वाटते. कॅननचा एलबीपी २९०० हाही तितकाच परिचित. त्याची भाषा कॅननची स्वतःची आहे आणि तिचा दुभाषा लिनक्सवर बसवणे नवख्याला जिकिरीचे जाते. याउलट खडखड करणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची भाषा जुनी व सर्वज्ञात आहे. तो सहसा निमूटपणे कामाला लागतो. बारकोड वाचणारे यंत्र तर संगणकाला आपण कीबोर्ड असल्याचेच भासवते, म्हणून त्याची तक्रार क्वचितच येते.

दुसरी अडचण वायफायची. काही लॅपटॉपांतील वायफाय-चिपचा ड्रायव्हर वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि तो उतरवण्यासाठी इंटरनेट लागते. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी ही गाठ. ती सुटते साध्या उपायाने : मोबाईल केबलने जोडून त्याचेच इंटरनेट संगणकाला द्यावे. तिसरी अडचण डिजिटल सहीच्या टोकनची. जीएसटी विवरणपत्रासाठी कंपनी व एलएलपी यांना ही सही बंधनकारक आहे. एकल मालकीच्या दुकानाला मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीवर काम भागवता येते. म्हणजे हा प्रश्न प्रत्येक दुकानाचा नाही, पण ज्याचा आहे त्याने तो आधीच तपासलेला बरा.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशीही एक प्रिंटरच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या कार्यक्रमात सुधारणा करून, कागद अडकताच संबंधितांना सूचना जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा मूळ कार्यक्रम मात्र त्यांना मिळाला नाही. ज्या संशोधकाकडे तो होता, त्याने गुप्ततेचा करार केलेला असल्याने देण्यास नकार दिला. पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. आज लिनक्स म्हणून जे वापरले जाते, ते या दोन प्रवाहांच्या संगमातून उभे राहिले.

रुमाल तेव्हापासून हळूहळू सरकतो आहे. २००७ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन या लिनक्सच्या प्रमुख कार्यकर्त्याने उत्पादकांना जाहीर आवाहन केले : तुमच्या उपकरणाची माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही विनामूल्य लिहून देऊ. २०१२ मध्ये एनव्हिडिया कंपनीच्या असहकारावर टोरवाल्ड्स यांनी जाहीरपणे अत्यंत कठोर शब्दांत टीका केली. २०२२ मध्ये त्याच कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यात चालणारा भाग खुला केला. डेबियन या तत्त्वनिष्ठ समूहापुढेही पेच होता. उपकरणांना लागणारे बंदिस्त कार्यक्रम सोबत द्यायचे नाहीत हा त्यांचा नियम, आणि त्यामुळे नवख्याचे वायफाय चालत नसे. २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून ते मुख्य संचात देण्याचे ठरवले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते लागू झाले. तत्त्व सोडले नाही, पण दारात उभ्या असलेल्या माणसाची अडचण आधी पाहिली.

छपाईतही मोठा बदल झाला आहे. अलीकडचे नेटवर्कवर चालणारे बहुतेक प्रिंटर एक सामाईक जाहीर भाषा बोलतात. त्यांना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. महाराष्ट्राच्या बाजार समित्यांत १९६३ च्या कायद्यानंतर उघड लिलावाला जे स्थान मिळाले, तेच स्थान या सामाईक भाषेला छपाईत मिळू लागले आहे. भाव सर्वांसमक्ष बोलला, की मध्यस्थाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही.

एक गोष्ट तटस्थपणे सांगितली पाहिजे. गुप्ततेचा भुर्दंड विंडोजवाल्यालाही पडतो. निर्मात्याने जुन्या उपकरणासाठी नव्या विंडोजचा ड्रायव्हर काढलाच नाही, तर धडधाकट स्कॅनर अडगळीत जातो. लिनक्समध्ये बहुतांश ड्रायव्हर गाभ्यातच किंवा खुल्या भांडारात असतात आणि निर्मात्याने पाठ फिरवल्यावरही अनेक वर्षे टिकतात. बाजारात नुकत्याच आलेल्या लॅपटॉपची गोष्ट उलट असते. त्याचे सुटे भाग ओळखण्यास लिनक्सला कधी काही महिने लागतात. जुने यंत्र वाचवायचे असेल तर लिनक्सची बाजू बळकट. नवे कोरे यंत्र असेल तर आधी चौकशी हवी.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचाही विचार हवा. टॅली थेट लिनक्ससाठी बनवलेली नाही, म्हणून ज्या पेढीचा सारा मेळ टॅलीत आहे तिने तो एक संगणक तसाच ठेवणे शहाणपणाचे. मुंबईत घडलेले जीएनयूखाता किंवा ईआरपीनेक्स्ट ही मुक्त सॉफ्टवेअरे आहेत. पण प्रणाली आणि हिशेबाची पद्धत एकाच दिवशी बदलणे म्हणजे दोन्ही पाय एकदम उचलणे होय.

म्हणूनच बाबूजींचा प्रश्न आणि मुलाचा उत्साह यांत कोणी कोणाचा पराभव करण्याचे कारण नाही. व्यापारी नव्या मालाचा आधी नमुना पाहतो. लिनक्सही तसे पाहता येते. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून, संगणकातील काहीही न पुसता, ते चालवून पाहण्याची सोय आहे. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी मुलाने ते चालवावे, बाबूजींनी शेजारी बसावे. वायफाय लागले का, आवाज आला का, टोकन ओळखले का, आणि शेवटी बिल निघाले का, एवढे चार प्रश्न. जमले तर एकाच संगणकावर बदल करावा, तोही गिऱ्हाइकीच्या दिवसांत नव्हे. नवा प्रिंटर घेताना विक्रेत्याला एक वाक्य विचारावे, “लिनक्सवर चालतो का?” हा प्रश्न पुरेशा दुकानांतून विचारला गेला, तर त्याचे उत्तर देणे निर्मात्यालाही भाग पडेल.

आणि आणखी एक सवय, जी या घरांना शिकवावी लागत नाही. प्रत्येक यंत्रासाठी वहीचे एक पान ठेवावे : यंत्राचे नाव, मॉडेल क्रमांक, खरेदीची तारीख, लिनक्सवर ते कसे चालू झाले, काय अडले, कसे सुटले. मुलगा पुन्हा पुण्याला गेल्यावर गल्ल्यावर बसणाऱ्याला ते पान उपयोगी पडेल, आणि शेजारच्या दुकानदाराने मागितले तर त्यालाही ते उघडपणे दाखवता येईल.