मोठी कॉइल पेटीतच राहू दे

प्रिय मुक्ता,

थेम्सच्या काठावर शोध घेण्याचा परवाना तुला मिळाला, हे वाचून आनंद झाला. मेटल डिटेक्टरसोबत अकरा इंची कॉइल आलीच आहे, मग सहा इंचीसाठी वेगळे पैसे कशाला, हा तुझा प्रश्न रास्त आहे. तरी माझं ऐक, आणि रॉदरहाइथच्या काठावर उतरायचं असेल तर छोटी घेतल्याशिवाय उतरू नकोस. त्या काठावर जहाजं बांधली गेली आणि मोडलीही गेली. ट्रफाल्गरला लढलेलं ‘टेमेरेर’ १८३८ साली मोडायला तिथेच आणलं. त्या शेवटच्या प्रवासाचं टर्नरचं चित्र नॅशनल गॅलरीत आहे. अशा मोडणीत लाकूड उचललं जातं, विकलं जातं, पण खिळे आणि लोखंडाचे गंजके तुकडे गाळात पडून राहतात. तुला हवं असलेलं बारीकसं चांदीचं नाणं त्या लोखंडाच्या शेजारीच पडलेलं असणार.

आता यंत्राच्या बाजूने विचार कर. कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत सूक्ष्म प्रवाह खेळतात आणि त्यांचा प्रतिसाद कॉइलकडे परततो. खिळा आणि नाणं एकाच वेळी त्या क्षेत्रात आले की यंत्राच्या हाती दोघांचा मिळून एकच प्रतिसाद लागतो. लोखंड गाळायला सांगितलेलं यंत्र मग खिळ्याबरोबर नाणंही गाळून टाकतं, आणि तू तिथून निघून जातेस. हे किती वेळा घडेल याचा अंदाज कागदावर बांधता येतो. चौरस फुटाला पाच खिळे आहेत असं धर. अकरा इंची गोल कॉइलखाली सुमारे ९५ चौरस इंच जमीन येते, सहा इंचीखाली २८. म्हणजे मोठीखाली सरासरी तीनाहून थोडे जास्त खिळे, छोटीखाली एक. खिळे जमेल तसे विखुरलेले असतील, तर मोठी कॉइल शंभर ठिकाणी ठेवल्यावर जेमतेम तीन-चार ठिकाणी तिच्याखाली एकही खिळा नसेल. छोटीच्या बाबतीत हा आकडा ३७ च्या आसपास जातो. क्षेत्रफळ साडेतीन पटींनीसुद्धा घटलेलं नाही, पण नाणं एकटं सापडण्याची संधी दसपट झाली. प्रत्यक्षात कॉइलचं क्षेत्र असं काटेकोर कापलेलं नसतं, त्यामुळे दसपट हा आकडा शब्दशः घेऊ नकोस. फरक कोणत्या दिशेचा आणि किती मोठा, एवढं मात्र त्यातून नक्की कळतं.

यावर पहिला आक्षेप खोलीचा. मोठी कॉइल मोकळ्या जमिनीत जास्त खोल पोचते, हे खरंच आहे. पण कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू दूर असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर परतणारा इशारा साधारण चौसष्टाव्या हिश्शावर येतो, त्यामुळे कॉइल दुप्पट केली म्हणून खोली दुप्पट होत नाही. आणि तुझ्या परवान्यात खणायची मर्यादाच साडेसात सेंटिमीटर आहे! जे तुला उकरता येणारच नाही ते ऐकू यावं म्हणून वरच्या थरातलं गमावण्यात काय अर्थ? उलट इतक्या उथळ थरात छोट्या कॉइलचं क्षेत्र जास्त एकवटलेलं असतं, म्हणून तिला बारीक वस्तू चांगल्या कळतात. इंग्लंडमध्ये १२७९ साली पहिल्या एडवर्डने गोल फार्दिंग, म्हणजे पाव पेनीचं नाणं, रूढ करेपर्यंत पेनीचे कापून अर्धे आणि पाव तुकडे करत. अशा पाव तुकड्याचा इशारा मुळातच क्षीण असतो, त्यात शेजारी खिळा आला की संपलंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘डबल-डी’ कॉइलचं क्षेत्र मधल्या पट्टीत एकवटलेलं असतं आणि आजची यंत्रं लागोपाठ आलेले इशारे फार चपळाईने वेगळे करतात, मग आकाराचं एवढं काय? डावी-उजवीकडच्या वस्तूंपुरतं हे मला मान्य आहे. पण ती पट्टी समोरून मागे जवळजवळ कॉइलच्या लांबीएवढी असते. त्या रेषेत एकामागे एक असलेले खिळा आणि नाणं एकाच क्षणी तिच्याखाली येतात, आणि एकाच क्षणी आलेल्यांना चपळाई काय वेगळं करणार! पट्टी आखूड करणं हाच उपाय. शिवाय काटकोनात वळून तीच जागा पुन्हा फिरवायची. याने वेळ लागतो, खूपच लागतो. नांगरलेल्या मोठ्या, स्वच्छ शेतात असा वेळ घालवणं चुकीचं ठरेल. तिथे अकरा इंचीच लाव. पण काठावर ओहोटी तुला मोजकेच तास देते. तेवढ्यात अर्धा काठ पालथा घालून त्यातलं बहुतेक न ऐकता परतण्यापेक्षा अंगणाएवढी जागा नीट ऐकलेली मला कितीतरी मोलाची वाटते. तीनशे वर्षांहून जुनं जे मिळेल त्याची नोंद लंडन म्युझियममधल्या अधिकाऱ्याकडे करावी लागेलच. त्या नोंदींवरून पुढे कुणी अभ्यास करील, आणि खिळ्यांच्या गर्दीतल्या वस्तू त्यात आल्याच नाहीत तर तिथे काही नव्हतंच असा समज होईल. हा विचार मला फार अस्वस्थ करतो.

कॉइल मागवताना तिचा प्लग तुझ्या यंत्राला बसतो ना, एवढं पाहून घे. सोबत कव्हरही घे, दगडगोट्यांवर घासून ती लवकर झिजते. आणि पहिल्या दिवशी लोखंड गाळणं बंद ठेवून त्याचा आवाज कानात बसू दे.

तुझा,
मामा