गाळ काढण्याचे काम

बंगळूरच्या सर्जापूर रस्त्यावर येणारा मराठी माणूस बहुधा स्थिर होण्यासाठी येतो. पण येथे स्थिर असे फारसे काही नसते. नोकरी एका पत्राने जाते, शेजारी वर्षादोन वर्षांत बदलतो. साताऱ्याहून, नाशिकहून मुलाकडे राहावयास आलेल्या वृद्धांना तर खालच्या दुकानातली भाषाही परकी. (१६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, ही आठवण अभिमानाला पुरते, भाजी घेताना तिचा उपयोग होत नाही.) सप्टेंबर २०२२ मध्ये याच रस्त्यालगतच्या श्रीमंत वसाहतींतून माणसांना नावांतून आणि ट्रॅक्टरांवरून बाहेर काढावे लागले. तळ्यातळ्यांना जोडणारे जुने ओढे बुजवून बांधकामे झाली होती. पाण्याने आपली वाट शोधली, इतकेच.

अशा ठिकाणी जगण्याला अर्थ कोठून आणावयाचा? त्याचे एक उत्तर रस्त्याकाठीच आहे. कैकोंड्रहळ्ळीचे सुमारे ४८ एकरांचे तळे सांडपाण्याने आणि कचऱ्याने मरणपंथाला लागले होते. २००९ च्या सुमारास महानगरपालिका आणि आसपासचे रहिवासी यांनी ते हाती घेतले. गाळ उपसला, सांडपाणी वळविले, बांध दुरुस्त केला, पक्ष्यांसाठी बेटे राखली. यांतले कितीतरी रहिवासी परगावचे. येथे किती वर्षे राहू, हे त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते.

अल्बेर काम्यूने १९४२ साली सिसिफसला सुखी मानावयास सांगितले. शिळा पुन्हा घरंगळणार हे ठाऊक असूनही तो ती ढकलतो. तळ्याचेही तसेच आहे, दर पावसाळ्यात गाळ येतो. मात्र सिसिफस एकटा आहे आणि त्याच्या शिळेचा कोणाला उपयोग नाही. तेथे काम्यूचे सांत्वन थोडे कोरडे वाटते. तळ्याच्या गाळामागे गवत कापून नेणारी बाई आहे, शेजारच्या शाळेतली मुले आहेत, पाणकावळे आहेत. ‘केरे’ हा तळ्याचा कानडी शब्द परगावच्या माणसाच्या तोंडी बसतो तो अशा कामातून. पुस्तकातून शिकून तो तितका बसत नाही. नोकरी उद्या गेली तरी यंदा पाणी बांधाच्या कितव्या दगडापर्यंत चढले हे त्याला माहीत असते, आणि ते विचारणारे कोणीतरी सकाळी बांधावर भेटते.