'च'चे वजन

३५ वर्षे कचेरीत टाइपरायटर बडवला. तीन कार्बन घालून चौथ्या प्रतीवरही 'आपला विश्वासू' ठसठशीत उमटवणारा माणूस मी! म्हणून नातू मेकॅनिकल कीबोर्ड आणायला निघाला, तेव्हा "दणकटातला दणकट आण," असे मीच बजावले.

आठव्या दिवशी उजवी करंगळी संपावर गेली. कारण 'च'. संगणकाच्या इनस्क्रिप्ट मांडणीत 'च' उजव्या करंगळीखाली येतो. आणि मराठी माणसाचे एक वेळ 'छ'वाचून चालेल, 'च'वाचून चालायचे नाही. मी येणारच, पैसे देणार नाहीच, चूक तुमचीच! सगळा बाणा त्या एका करंगळीवर.

तिला ओझे तरी किती, हे पाहायला मी बटणावर पाच रुपयांची पितळी नाणी रचली. एक नाणे ६ ग्रॅमचे. दहावे ठेवले आणि पडद्यावर 'च' उमटला. ६० ग्रॅम! एका 'च'ला पन्नास रुपये! ते पन्नास उचलून ही भाजीला गेली.

मग घरगुती उपाय : खोबरेलाचे दोन थेंब. दिवसभर बटण लोण्यासारखे चालले. पण पुण्याचा डिसेंबर! सकाळी खोबरेल गोठले आणि बटण खाली गेले ते वर येईना. सोसायटीच्या चिटणिसांना नेमके तेव्हाच पत्र गेले : 'पाणी आलेचचचचचच पाहिजे.'

"आजोबा, तेल लावायला ती काय शेंडी आहे?" म्हणत नातवाने चिमट्याने स्विच उपटला. सुदैवाने ते सोल्डर केलेले नव्हते, नुसते खोचलेले होते. आत एक इवलासा दट्ट्या आणि त्याखाली स्प्रिंग. वंगणाने फक्त घासणे कमी होते, वजन असते ते स्प्रिंगमध्ये, हे ज्ञान मला सत्तरीत झाले. त्याने ४५ ग्रॅमच्या स्प्रिंगा घातल्या, दट्ट्याच्या कडांना ब्रशने वंगणाचा हात दिला. मीही मदत केली. माझ्या हातची स्प्रिंग उडून हिच्या पोह्यांत पडली, तेव्हा मदत थांबली.

पुन्हा नाणी रचली. आठव्यालाच 'च'! दर चाळीसवर उतरला होता. तरी संध्याकाळी करंगळी ठणकलीच. नातू जरा वेळ माझे टायपिंग बघत बसला.

"आजोबा, बटण चार मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर दोनवरच उमटतं. पुढचे दोन मिलिमीटर तुम्ही कुणावर राग काढता?"

मी गप्प झालो. टाइपरायटरवर बोटाच्या जोरानेच अक्षर उठायचे. जोर कमी पडला, की चौथी प्रत साहेबांकडून परत यायची. कचेरी सुटून बारा वर्षे झाली, पण खालच्या त्या दोन मिलिमीटरांत मी अजून चौथी प्रत काढत होतो.

आता हलक्या हाताने टाइप करतो. 'च' कसा अलगद उमटतो, ते मोठ्या कौतुकाने हिला दाखवले.

"लिहिण्यातला हलका झाला, बरं झालं," ही म्हणाली. "बोलण्यातल्याची स्प्रिंग कधी बदलताय?"

"बदलणारच!" मी म्हणालो.