एका टेपरेकॉर्डरचा हिशेब

निवृत्तीनंतर मी मनीषनगरात राहावयास आलो. मध्यंतरी जवळच राहणाऱ्या एक तरुण प्राध्यापिका माझ्याकडे आल्या होत्या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक मिळू लागले आहेत. त्या निमित्ताने लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेची नव्याने बांधणी करावी, असे त्यांच्या मनात होते आणि त्यासाठी अनुदानाचा प्रस्ताव तयार करावयाचा होता. "सर, खर्चाची लेखाशीर्षे कोणती दाखवू?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. उत्तर देण्यापूर्वी स्वतःचा एक जुना हिशेब तपासणे मला भाग होते. प्रस्तुत लेख म्हणजे तो हिशेब होय.

महाविद्यालयीन अध्यापन सुधारावे म्हणून सार्वजनिक पैसा खर्च करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७० च्या सुमारास विज्ञान विषयांसाठी, आणि पुढे काही वर्षांतच मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांसाठी, महाविद्यालयीन सुधार कार्यक्रम आखले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली आणि उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग हे शब्द आपल्या बोलण्यात रुळले. पुढे या केंद्रांची नावे बदलत गेली. २०२३ मध्ये मालवीय मिशनची त्यांत भर पडली. या सर्व उपक्रमांमागचे गृहीत रास्त आहे. शिक्षक बदलल्यावाचून अभ्यासक्रम बदलत नाही. परंतु शिक्षकाला बदलण्यासाठी नेमके काय लागते, याचा उलगडा मला कोणत्याही परिपत्रकातून झाला नाही.

नव्वदीच्या दशकात मी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो, तेथे एका योजनेतून अध्यापनातील नवोपक्रमासाठी मला लहानसे अनुदान मिळाले. माझ्या वर्गात उमरेड, कुही, भिवापूरकडची मुले पुष्कळ असत. ती 'मी लिहून राहिलो' असे लिहीत आणि मी तांबड्या शाईने 'मी लिहीत आहे' अशी दुरुस्ती करीत असे. 'डोया' खोडून 'डोळा' करीत असे. ही दुरुस्ती करण्यात माझी कितीतरी वर्षे गेली. परिणाम एवढाच झाला, की ती मुले वर्गात बोलेनाशी झाली. हे मौन मी बराच काळ शिस्त समजत होतो. अनुदानाच्या निमित्ताने मी ठरविले, की या वर्षी मुलांनी आपापल्या गावची बोली आणि जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून आणाव्यात आणि त्यांवरच तासिका चालावी.

ते वर्ष माझ्या अध्यापनातील सर्वांत सकस वर्ष ठरले. एरवी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणारा एक विद्यार्थी आपल्या आजीच्या ओव्या घेऊन आला. 'लिहितो' आणि 'लिहून राहिलो' यांत क्रियेच्या चालूपणाचा जो भेद आहे, तो त्याने मला उदाहरणांनिशी पटवून दिला. हा प्रयोग हिंदीच्या सहवासातून आला की स्वतंत्रपणे रुजला, यावर वर्ग दोन तास भांडला. म्हाइंभटाने ज्यांना आठवणी होत्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून लीळा गोळा केल्या, हे मी दरवर्षी सांगत आलो होतो. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' माझ्या टेबलावर नेहमी असे. पण मराठी गद्याचा आरंभच अशा चौकशीतून झाला आहे, हे त्या वर्षी मुलांबरोबर मलाही प्रथमच खऱ्या अर्थाने समजले.

हे कशामुळे साधले? टेपरेकॉर्डरमुळे, असे मी अहवालात लिहिले. ते खरे नव्हते. त्या वर्षी एका सहकाऱ्याने माझ्या आठवड्यातील चार तासिका आपणहून घेतल्या होत्या. त्या चार तासांत मी मुलांच्या कॅसेटी ऐकत असे, टिपणे काढीत असे, पुढची तासिका रचीत असे. टेपरेकॉर्डर, कपाट, संदर्भग्रंथ, प्रवास यांना लेखाशीर्षे होती. या चार तासांना नव्हते. पुढील वर्षी सहकाऱ्याची बदली झाली, माझा कार्यभार पूर्ववत झाला आणि मी जुन्या टिपणांकडे वळलो. टेपरेकॉर्डर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदला गेला. अनुदानाचा विनियोग पूर्णपणे झाला, या प्रमाणपत्रावर सही माझीच आहे. रुपयांच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र बिनचूक होते.

कॅसेटींचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. एका स्नेहसंमेलनाच्या वेळी गाणी भरून घेण्यासाठी विद्यार्थी प्रतिनिधींनी कोऱ्या कॅसेटी मागितल्या. मी घाईत होतो. कपाटाची किल्ली दिली आणि 'त्यातल्या घ्या' म्हणालो. काही वर्षांनी तो ओव्या आणणारा विद्यार्थी भेटावयास आला. आजी वारली होती. घरी तिचा आवाज कोठेच नव्हता. सरांकडे असेल, असे त्याने घरच्यांना सांगितले होते. मी कपाट उघडण्याचे सोंगही करू शकलो नाही. तो 'असू द्या सर' म्हणाला आणि पुन्हा पूर्वीसारखा गप्प बसला.

आठवड्याभराने मी त्या प्राध्यापिकाबाईंना बोलावून घेतले. त्या घड्याळी तासिका तत्त्वावर काम करतात, हे मला तेव्हा कळले. म्हणजे जेवढे तास वर्गात उभे राहावे, तेवढ्याचेच मानधन. तासिकेच्या तयारीला मोल नाही. ज्या व्यवस्थेत तयारीचा तास मोजलाच जात नाही, तिच्यात नवोपक्रमाचे अनुदान बहुधा वस्तूंच्याच रूपाने उरणार, यात नवल ते काय? मी त्यांना म्हटले, "पहिले लेखाशीर्ष 'शिक्षकाचा वेळ' असे लिहा. दुसरे, मुलांनी आणलेले जतन करण्याचे. उपकरणे शेवटी दाखवा."

"सर, पहिले शीर्ष नामंजूर होईल," त्या म्हणाल्या.

होईलही. तरी ते लिहावे, असा आग्रह मी धरला. निदान नामंजूर काय झाले, याची नोंद तरी कागदावर राहील. माझ्या प्रमाणपत्रात तेवढीही राहिली नाही.