नव्याची घाई

नव्याला कधी नाही म्हणू नये, असे आम्ही गेली तीस वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. शाळेच्या कचेरीतील संगणकावर लिनक्स आल्यावरही आम्ही तेच व्रत पाळले. ‘सुधारणा उपलब्ध आहेत’ अशी पाटी पडद्यावर झळकली की न वाचताच होकार देत असू.

गेल्या एप्रिलमध्ये या श्रद्धेची परीक्षा झाली. प्रगतिपुस्तके छापण्याच्या आदल्या सायंकाळी आम्ही असाच होकार दिला आणि सकाळी प्रिंटर मुका झाला. पालक व्हरांड्यात ताटकळत उभे. संतापाच्या भरात संगणक पाहणाऱ्या तरुण शिक्षकांना आम्ही सर्वांदेखत बोल लावला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी ‘एपीटी’ची नोंदवही उघडली, कोणते पॅकेज केव्हा बदलले, हे तिच्यात तारीखवार लिहिलेले असते. प्रिंटरचे पॅकेज बदलल्याची वेळ आमच्याच होकाराची होती! त्यांनी जुनी आवृत्ती परत बसवली, ‘एपीटी-मार्क होल्ड’ या आज्ञेने ती रोखून धरली आणि दुपारपर्यंत छपाई उरकली.

“मग आता सगळ्याच सुधारणा बंद करून टाका,” आम्ही म्हणालो. जुने जपण्यात आम्हां बेळगावकरांचा हात कोण धरणार!

“तसं नको, सर,” असे म्हणून त्यांनी दोन दाखले दिले. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हे छिद्र उघडकीस आले. सर्व्हरच्या स्मृतीतील गुपिते त्यातून परक्यांस वाचता येत. दुरुस्ती तत्काळ निघाली. ज्यांनी ती घेण्यास विलंब केला, त्यांचे दार उघडेच राहिले. उलट मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’च्या ताज्या आवृत्त्यांतच चोरवाट दडवलेली आढळली. लॉगिनला अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड यांनी ती हुडकली. डेबियनच्या स्थिर शाखेत त्या आवृत्त्या पोहोचल्याच नव्हत्या. ती वापरणारे बचावले.

म्हणजे घाईही घातक आणि हट्टही. आता सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतात. बाकीच्या आम्ही यादी वाचून, कामाची निकड नसताना घेतो. रोखलेल्या पॅकेजला सुरक्षेची दुरुस्तीही मिळत नाही. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेस रोखलेल्यांची यादी तपासतो.

त्या शिक्षकांची क्षमा आम्ही दुसऱ्याच दिवशी सर्वांदेखत मागितली. चूक दिसली की आधी धाकट्याकडे बोट दाखवायचे, ही आमची फार जुनी आवृत्ती. इतकी वर्षे तीही आम्ही न तपासता जपली होती.